गाईडने काय सांगायचं?

हल्ली 'हेरिटेज वॉक'ची मोठी चलती आहे. रविवारी सकाळी मुंबईच्या फोर्टात जा, नाहीतर पुण्यात शनिवारवाड्यापाशी उभे राहा... पाण्याच्या बाटल्या घेतलेला एक घोळका आणि त्यापुढे हातवारे करणारा गाईड दिसणारच. मला हा प्रकार आवडतो. एरवी आपण आपल्याच गावातून नाकाला रुमाल लावून, रिक्षात बसून सुटतो. निदान दोन तास तरी मान वर करून घरांकडे बघणं होतं.

मग आमच्या भिवंडीत असा वॉक का नको? असं म्हटलं की समोरचा हसतो. "भिवंडीत काय दाखवणार? खड्डे? की गोडाऊनं?"

दाखवण्यासारखं कमी नाही हो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि खाडीच्या मुलखात स्वराज्याचा पाय रोवला गेला. तालुक्यातलं अंजूर हे गंगाजी नाईकांचं गाव. चिमाजीअप्पांच्या १७३९च्या वसई विजयाची गोष्ट या अंजूरकर नाईकांना वगळून सांगताच येत नाही. लोनाडला लेणी आहेत, शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. गावात परत आलात की १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या वस्त्या आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचं पद्मानगर. १९८२च्या गिरणी संपात मुंबईचे भोंगे थांबले आणि कामाचा मोठा ओघ इकडच्या मागांकडे वळला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगावरच्या कापडाचा धागा कधी ना कधी इथल्या धोट्याखालून गेला असेल. कांडी, बीम, सायझिंग हे शब्द इथल्या पोराला बाराखडीच्या आधी येतात. एखाद्या कारखान्याच्या दाराशी पाच मिनिटं उभं करून तो खडखडाट नुसता ऐकवला तरी पाहुणा घरी जाऊन सांगेल!

इथवर कुणाचीच हरकत नसते. खरी अडचण पुढे आहे. १९७० आणि १९८४चं काय करायचं?

आमच्या घरात यावर सरळ दोन तट आहेत. आत्याचं म्हणणं, निखारे विझलेत तर फुंकर कशाला? "बाहेरच्यांना भिवंडी म्हटलं की दंगलच आठवते, आणि तुम्ही तीच तिकीट लावून दाखवा!" तिचं म्हणणं मी धुडकावणार नाही. तिने ते दिवस घरात दार लावून काढलेत. मी ते फक्त ऐकलेत.

तरीही मला ते पटत नाही. त्याचं एक कारण मला बर्लिनमध्ये सापडलं. मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा त्याने जुन्या शहरातल्या एका पायी सहलीला नेलं. ती गाईड बेबेलप्लाट्झ या चौकात थांबली. १० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी इथे पुस्तकांची होळी केली. तिथे पुतळा नाही, कारंजं नाही. फरसबंदीत एक काच आहे आणि खाली रिकामी पांढरी शेल्फं... सुमारे २० हजार पुस्तकं मावतील एवढी. पुढे एका साध्या पार्किंगपाशी नेऊन ती म्हणाली, हिटलरचं बंकर याच्या खाली होतं. २००६ सालापासून तिथे माहितीचा एक फलक आहे, बस्स. ती मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची असेल. ना तिने आवाज चढवला, ना खाली मान घातली. आमच्या गावात हे घडलं, असं सांगितलं आणि पुढे चालू लागली. त्या शहराबद्दलचा माझा आदर त्या दोन जागांनी वाढवला, कमी नाही केला.

आणि भिवंडीची गोष्ट तर १९८४वर संपतही नाही. १९७०च्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. १९८४ला पुन्हा आग लागली. मग १९८८च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी इथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतलाच साधा हिंदू, साधा मुसलमान आणि त्या बीटचा पोलीस एकत्र बसायचे, आणि नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा इथून जेमतेम तासा-दोन तासांवर असलेली भिवंडी शांत राहिली. दंगलीचं गाव म्हणून जिच्याकडे सगळे बघत होते, तीच!

आता सांगा, १९७० आणि १९८४ झाकून ठेवलं तर १९९२ची ही गोष्ट सांगणार कशी? आधी काय जळलं होतं हे ठाऊक नसेल तर शांत राहण्याचं मोल ऐकणाऱ्याला कळणार कुठून? आत्या म्हणते तसं बाहेरच्यांना अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे. ती ते विसरणार नाहीत. उरलेली अर्धी आपणच सांगायला हवी.

हां, दोन अटी हव्यात. गाईड इथलाच असावा, बाहेरून पाठांतर करून आलेला नको. आणि कुणाच्या घराकडे बोट दाखवून "इथे हे झालं" असं नको. माणसं अजून तिथे राहतात, त्यांचं घर म्हणजे प्रदर्शन नव्हे. चौकात उभं राहून साल सांगावं, आयोगाचं नाव सांगावं, समितीत कोण कसं बसायचं ते सांगावं. एवढं पुरे.

आमच्या पुतणीला दंगल म्हणजे काय ते सिनेमातून कळलंय आणि मोहल्ला समिती हा शब्दच तिने ऐकला नव्हता. या रविवारी तिला घेऊन निजामपुऱ्यापासून मंडईपर्यंत पायी जायचं ठरवलंय. आत्यालाही विचारलंय. अजून 'नाही' म्हणालेली नाही.