नुसत्या मायेनं भागत नाही

‘विशेष बी.एड. म्हणजे साध्या बी.एड.ला नंबर न लागलेल्यांची सोय; तिथं अंगात माया असली की भागतं,’ हे गेल्या रविवारच्या अंकातलं पत्र वाचलं. दिव्यांग मुलांना शिकवायला तयार करणाऱ्या याच अभ्यासक्रमाच्या मी दुसऱ्या वर्षाला आहे. सोय कसली! पदवी हातात पडली तरी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावीच लागते. १९९२चा कायदाच तसा आहे.

राहिली माया. सरावाच्या शाळेत नऊ वर्षांच्या मुलाला शर्टाची बटणं लावायला शिकवायचं होतं. पहिल्या दिवशी कळवळून सगळी मीच लावली. बाईंनी झापलं. मग त्या कामाचे सात तुकडे पाडले आणि शेवटाकडून सुरुवात केली: काजात अर्धं घातलेलं बटण त्यानं फक्त ओढायचं. तेवढ्यालाच अकरा दिवस गेले. (माझी पाठाची वही तारीखवार आहे, हवी तर दाखवते.)

आणि गरज किती, तेही बघा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. पत्रलेखकांनी आपल्या जवळच्या शाळेत तो आहे का, एवढं विचारून यावं.

– एक विद्यार्थिनी, पुणे