हिशेबाची वही : कुलूपबंद बंगला आणि नांदते घर

घरपट्टीचे बिल आले की आपल्या वस्तीत दोनच गोष्टी घडतात. कोणी मुकाट्याने भरतो, कोणी पत्र्याच्या पेटीत टाकून विसरतो. बिल वाचत मात्र कोणीच नाही. म्हणून या आठवड्यात घरपट्टीचाच हिशेब मांडू.

मांडव्यापासून किहीम, नागाव, खाली मुरूड-श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याला मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली आणि जमिनीचा भाव चढला. यातले कितीतरी बंगले शनिवार-रविवार सोडले तर कुलपात असतात. त्यांची झाडलोट करणारी, बागेला पाणी घालणारी माणसे शेजारच्या वस्तीत बारा महिने राहतात. ज्याला घर विकायचेच नाही, त्याला चढलेल्या भावाचा काय उपयोग? हाती एक पैसा येत नाही, पट्टी मात्र वाढते.

ती वाढते कशी? डिसेंबर 2015 च्या नियमदुरुस्तीपासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. घराचे क्षेत्रफळ, जमिनीचा सरकारी दर म्हणजे रेडीरेकनर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि घराचा वापर, एवढ्यांचा तो गुणाकार-बेरजेचा खेळ आहे. निवासी, व्यापारी, औद्योगिक असा भेद त्यात आहे. पण राहते घर आणि सुटीचे घर असा भेद नाही. हिशेबाच्या वहीत दोन्ही ‘निवासी’च!

हा भेद करता येत नाही असे मात्र नाही. घरमालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका 1970 पासून करपात्र मूल्यात 40 टक्के सवलत देत होती. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि 2019 पासून नव्या मिळकतींची सवलत बंद झाली. पुणेकर गप्प बसले नाहीत. 2023 साली शासनाने ती पुन्हा लागू केली. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ आहे. तिकडे ब्रिटनमधल्या वेल्समध्येही किनाऱ्यावरची गावे बाहेरच्यांच्या सुटीच्या घरांनी भरली. तिथल्या स्थानिक कौन्सिलांना 2023 पासून अशा दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराशिवाय 300 टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो.

आता कोणी विचारील, आपल्या चाकरमान्यांचे काय? पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या भावाचे गावचे घरही शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असते. त्याला बंगलेवाल्याच्या रांगेत बसवायचे काय? मुळीच नाही. म्हणून मागणी नीट मांडली पाहिजे. बारमाही राहत्या घराला पुण्यासारखी सवलत आणि लहान घराला, ते उघडे असो की बंद, मुंबईसारखी माफी. पंचायतीचे उत्पन्न बुडू नये म्हणून मोठ्या सुटीच्या घरावर जादा दर.

हे ठरवणे एकट्या सरपंचाच्या हातात नाही. त्यासाठी शासनाला नियम बदलावे लागतील. पण ग्रामसभेचे ठराव गेल्याशिवाय शासन हलणार नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यात आपली माणसे किती बसतात?

तोवर हातातले काम करू. ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. त्यात घर कोणाच्या नावे आहे, क्षेत्रफळ बरोबर आहे काय, मातीचे घर आरसीसीत तर दाखवले नाही ना, वय चुकवून घसारा बुडवला नाही ना, हे तपासा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनसारख्या नगरपरिषदेत आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना राहत्या घराच्या करात सूट देण्याची योजना 2020 पासून आहे. आपल्या रायगडात पलटणीत नोकरी केलेली घरे थोडी नाहीत. त्यांनी अर्ज केला आहे काय, ते विचारा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागणीचे बिल रीतसर हाती पडल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत सदस्य होण्यास माणूस अपात्र ठरतो. मोठ्या कष्टाने मिळालेली राखीव जागा चारदोनशे रुपयांच्या थकबाकीपायी हातची जाऊ शकते. तेव्हा सवलतीसाठी भांडायचे ते पावती खिशात ठेवून. थकबाकीदाराचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही. पावतीवाल्याला उत्तर द्यावेच लागते.