विक्रमी दुधाची किंमत

दिवाळीनंतर गावी गेलो होतो. संगमनेर तालुक्यातल्या चुलतभावाच्या गोठ्यात दोन दिवसांपूर्वी व्यालेली होल्स्टीन गाय सकाळी बसली ती उठेचना. मान वळवून कुशीला टेकवलेली, कान गार पडलेले. वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. ‘‘भाऊजी, काल दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर दिलं हो हिनं. दृष्टच लागली.’’ डॉक्टर आले. त्यांनी मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश चढवली आणि तासाभरात गाय उभी राहिली. ‘‘दृष्ट कसली, ताई,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘दुधानंच पाडलं हिला.’’

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण दुधाला अमृत म्हणतो. तेच दूध देणारीला आडवे कसे करते?

डॉक्टरांनी चहा घेता घेता समजावले. व्याल्यावर चिकातून आणि दुधातून कॅल्शियम इतक्या वेगाने बाहेर जाते, की हाडांतला साठा तितक्या लवकर रक्तात उतरत नाही. हा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग गारच पडते. त्यातून वाचली तर पुढचे संकट उभे असते. दूध सहा ते आठ आठवड्यांत शिखराला पोहोचते, भूक मात्र मागून येते. मधली तूट गाय अंगावरची चरबी जाळून भरते. त्याचा ताण यकृतावर येतो, गाय खंगते, वेळेवर माजावर येत नाही. तूट भरायला एकदम पेंड आणि भरडा ओतला, तर पोटात आम्ल वाढते आणि खूर दुखू लागतात. शिवाय दगडी, म्हणजे कासदाह, आहेच. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा-पाऊण तास उघडेच राहते. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली, की जंतू आत शिरलेच.

म्हणून जास्त दूध म्हणजे रोगच, असे मी म्हणणार नाही. संकरित गाईने कोरडवाहू भागातल्या कितीतरी घरांत दर दहा दिवसांनी रोख पैसा आणला. मुलांच्या फिया त्यावर भरल्या गेल्या. तिला नावे ठेवून जुन्या दिवसांचे गोडवे गाणे मला जमणार नाही. पण गाईची दूध देण्याची ताकद आपण वाढवली, आणि त्या मानाने चारा, सावली, स्वच्छता वाढवली नाही. रोग शिरतो तो या फटीतून.

जगाने यातून धडे घेतले आहेत. दूध वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनला अमेरिकेने १९९३ मध्ये परवानगी दिली. कॅनडाने १९९९ मध्ये गाईंच्या आरोग्याचेच कारण देऊन ती नाकारली. नॉर्वेने तर १९७८ पासून वळू निवडताना त्याच्या लेकींचे दूध मोजण्याबरोबर त्यांना कासदाह किती होतो, हेही पाहायला सुरुवात केली. आपल्याकडे डेअरीच्या पावतीवर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ असते. गाय किती वेत टिकली, याचा रकाना कुठेच नाही. प्रदर्शनातही हार पडतो तो एका दिवसात सर्वांत जास्त दूध देणारीच्या गळ्यात.

माझे म्हणणे एवढेच, की बक्षीस द्यायचे तर सात-आठ वेत निरोगी राहिलेल्या गाईला द्या. विण्याआधी दोन महिने तिला आटवून विश्रांती द्या. निरोगी कासेच्या, स्वच्छ दुधाला डेअरीने चार पैसे जास्त मोजावेत. आणि ते चार पैसे आपल्या पिशवीवर आले, तर आपण शहरातल्यांनी कुरकुर करू नये. आपल्या स्वस्त चहाचा उरलेला हिशेब कुठल्यातरी गोठ्यात चुकता होत असतो.

निघताना पाहिले, तर वहिनींनी धार काढून गाईपुढे लगेच हिरवा चारा टाकला होता. ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय, तासभर बसू द्यायची नाही,’’ त्या म्हणाल्या. दृष्ट काढायची मिरची-मोहरीही त्यांनी शेजारी ठेवली होती. मी काही बोललो नाही.