खुर्ची राहिली, मालकी गेली

एक माणूस मोठा झाला म्हणजे समाज मोठा झाला, असे समजण्याची घाई करू नये. अमेरिकेतील रॉबर्ट जॉन्सन यांची कारकीर्द हेच सांगते.

मिसिसिपीत जन्मलेले, दहा भावंडांतील नववे. १५ हजार डॉलरचे कर्ज आणि केबल उद्योजक जॉन मलोन यांचे पाच लाख डॉलर, एवढ्या बळावर त्यांनी १९८० साली ‘ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन’ ही वाहिनी उभी केली. १९९१ मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात गेली; कृष्णवर्णीयांच्या ताब्यातील अशी ती पहिलीच कंपनी. हे कर्तृत्व नाकारता येणार नाही.

पण पुढे काय झाले? २००० साली वायाकॉमशी सुमारे ३ अब्ज डॉलरचा सौदा ठरला. जॉन्सन अब्जाधीश झाले, प्रमुखपदही राहिले. मालकी मात्र गेली. २००२ मध्ये ‘लीड स्टोरी’ आणि ‘बीईटी टुनाइट’ हे चर्चेचे कार्यक्रम बंद पडले. दोष केवळ नव्या मालकाचा नव्हे. स्वस्तात मिळणाऱ्या संगीत व्हिडिओंवर भिस्त तर आधीपासूनच होती. म्हणजे मालक आपला असला, तरी हिशेब बाजाराचाच होता.

२०२३ मध्ये वाहिनीचा मोठा हिस्सा विक्रीस निघाला. टायलर पेरी, बायरन ॲलन या कृष्णवर्णीय उद्योजकांनी तो घेण्याची तयारी दाखविली. विक्री झालीच नाही. विकण्याचा निर्णय एका माणसाच्या सहीने होतो. परत मिळविणे मात्र साऱ्या समाजाच्या हाती उरत नाही. समाजाच्या नावाने माध्यम उभे राहते तेव्हा त्याच्या कागदपत्रांत समाज कुठे आहे, हे आधी पाहिले पाहिजे!