उपग्रह विद्यार्थ्यांचा, प्रयोगशाळा कोणाची?

१९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातील कापुस्तिन यार येथून ‘आर्यभट’ अवकाशात झेपावला. सुमारे ३६० किलो वजनाचा हा पहिला भारतीय उपग्रह बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी घडविला होता. चार-पाच दिवसांतच वीजपुरवठा बिघडून त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. तथापि त्याला व्यर्थ खर्च म्हणण्यास आज कोणी धजणार नाही. १९७९ चा ‘भास्कर’ त्याच अनुभवावर उभा राहिला.

त्याच बेंगळुरूत पुढे विद्यार्थी या कामाला लागले. कर्नाटक व आंध्रमधील सात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा ‘स्टडसॅट’ १२ जुलै २०१० रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. वजन एक किलोहूनही कमी. सप्टेंबर २०१६ मध्ये पीईएस विद्यापीठाचा सुमारे पाच किलोचा ‘पिसॅट’ गेला. वृत्तपत्रांनी ‘तरुण प्रतिभे’चे कौतुक केले. ते रास्तच होते, पण अपुरे होते.

एवढ्याशा पेटीत काय काय बसवावे लागते! सौरपट्ट्यांतून मिळणाऱ्या मोजक्या वॅट विजेवर संगणक, कॅमेरा आणि रेडिओ चालवायचा. दर दीड-पावणेदोन तासांच्या फेरीत कडक ऊन आणि गडद सावली सोसायची. भूकेंद्रावरून जाताना मिळणाऱ्या जेमतेम आठ-दहा मिनिटांत बोलणे उरकायचे. एक सांधा निखळला तर दुरुस्तीला वर जाणार कोण? म्हणून कंपनाचे टेबल आणि निर्वात कक्ष यांतून प्रत्येक भागाची आधीच कसोटी घ्यावी लागते. ही साधने सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यात नसतात. ती इस्रोने, म्हणजे जनतेच्या पैशाने, उभी केली आहेत. अग्निबाणही तिचाच. खाजगी शिक्षणसंस्थांच्या जाहिरातींत मात्र या सार्वजनिक पायाचा उल्लेख शोधूनच काढावा लागतो.

वस्तुतः भरमसाट फी भरू शकणाऱ्यांनाच हे काम जमते, हा समज पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाने खोटा ठरविला आहे. तेथील विद्यार्थ्यांचा एक किलोचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी गेला. वीज न खर्चता, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधारे स्वतःची दिशा सांभाळण्याची त्याची योजना होती. काम सुरू झाले २००८ मध्ये. शिक्षणक्रम चार वर्षांचा आणि उपग्रह आठ वर्षांचा! पहिले आराखडे काढणारे केव्हाच पदवी घेऊन गेले होते. त्यांच्या टिपणांवरून पुढच्या तुकड्यांनी काम पुरे केले. हे सामूहिक श्रमाचे शिक्षण कोणत्याही परीक्षेत मिळत नाही.

२०२० पासून अवकाशक्षेत्राची दारे खाजगी भांडवलाला खुली झाली. नफ्याच्या हिशेबात आठ वर्षे चालणाऱ्या शिकाऊ कामाला जागा कोठून असणार? शेतमजुराच्या मुलीलाही हाती सोल्डरची कांडी घेऊन उपग्रहाची पाटी जोडता यावी, असे शासनाला वाटत असेल तर छत्रपती संभाजीनगर, नांदेड, अमरावतीच्या शासकीय व विद्यापीठीय महाविद्यालयांना भूकेंद्रे, रिक्त जागी कायम अध्यापक आणि इस्रोच्या चाचणीकक्षात विनामूल्य प्रवेश मिळाला पाहिजे. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी अर्थसंकल्पापूर्वीच लावून धरावी.