देवमाशाच्या बाजूने सूडकथा

चित्रे असलेले पुस्तक म्हणजे लहान मुलांचे, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. मूल सातवीत गेले, की चित्रांची पुस्तके माळ्यावर जातात आणि टेबलावर गाइडांचा ढीग लागतो. पॅट्रिक नेस यांची २०१८ साली आलेली ‘अँड द ओशन वॉज अवर स्काय’ ही इंग्रजी कादंबरी वाढत्या वयाच्या मुलांसाठी आहे आणि ती रोव्हिना काई या ऑस्ट्रेलियन चित्रकर्तीच्या काळोख्या चित्रांनी भरलेली आहे. ही चित्रे काढून टाकली, तर निम्मी भीतीच निघून जाईल.

मूळ गोष्ट जुनी. १८२० साली प्रशांत महासागरात एका देवमाशाने धडका देऊन ‘एसेक्स’ हे अमेरिकन शिकारी जहाज बुडवले. पुढे १८५१ मध्ये हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ आली. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा ध्यास घेतलेला कप्तान आहाब स्वतः तर मरतोच, जहाजालाही घेऊन बुडतो.

नेस यांनी हे सारे उलटे केले. इथे शिकारी आहेत देवमासे. समुद्र हे त्यांचे आकाश आणि माणसांचे जग म्हणजे अथांग गर्ता. गोष्ट सांगते बाथशेबा ही शिकाऊ मादी. तिची कप्तान अलेक्झांड्रा. डोक्यात माणसाचा भाला रुतलेला, तरी टोबी विक नावाच्या माणसाच्या मागावर. पकडून आणलेल्या डिमिट्रियसशी बोलता बोलता बाथशेबाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

हे युद्ध बाथशेबाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चाललेले. तिने ते निवडले नाही, वारशाने मिळाले. इथे मराठी वाचकाला आपली भाऊबंदकी आठवावी. बांधावरून आजोबांचे भांडण झालेले असते आणि नातवाला मात्र ‘त्या घरात पाऊल टाकायचे नाही’ एवढेच ठाऊक असते. कारण विचारले, तर मोठी माणसे डोळे वटारतात!

लेखक मधूनच उपदेशाच्या सुरात शिरतात, तेवढे सोसावे लागते. पण पुस्तक जेमतेम दीडशे पानांचे. चित्रांपाशी रेंगाळत वाचले, तरी दोन दुपारींत संपेल. मात्र ते मुलांच्या हाती देऊन आपण टीव्हीसमोर बसू नये. शेजारी बसून वाचावे. पहिला भाला कोणी मारला, असे ती विचारणारच.