आमची क्रूझ आणि सीताफळाची कुल्फी

आमच्या भिशीत हल्ली क्रूझचा विषय फार निघतो. २०२१ पासून मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे मोठ्या क्रूझ निघू लागल्या आणि कुणाची पुण्याची लेक, कुणाचा ठाण्याचा भाचा जाऊन आला. मग मोबाइल या हातातून त्या हातात फिरतो. निळं पाणी, मोठी टोपी, आणि हटकून एक फोटो नारळाच्या करवंटीतल्या आईस्क्रीमचा. "माय वं, करवंटीत आईस्क्रीम!" असं कौतुक होतं, आणि मग आपण नंदुरबारच्या उन्हात, मिरचीच्या पथारींच्या ठसक्यात जन्म काढणार, असा उसासा.

मैत्रिणींनो, आपल्याच जिल्ह्यात बेटं आहेत, हे किती जणींना ठाऊक आहे? नर्मदा आपल्या जिल्ह्याची उत्तरेची हद्द. सरदार सरोवराचं पाणी चढलं तसं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या तेहतीस गावांना त्याची झळ लागली. मणिबेली त्यातलं पहिलं. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं, आणि २०१९ च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं. ज्या टेकडीवर पूर्वी गुरं चढायची तिच्या तिन्ही बाजूंना, कुठे चारही बाजूंना पाणी. तिथल्या माणसांनी बेट मागितलं नव्हतं. धरणाच्या पलीकडे केवडियाला २०१८ मध्ये १८२ मीटरचा पुतळा उभा राहिला, पाठोपाठ पर्यटकांसाठी क्रूझही आली. आपल्या अंगाला पाड्यांवर जायला असते ती बार्ज. तिच्यात माणसं, शेळ्या, रेशनचं धान्य, सिमेंटची पोती आणि एखादी मोटारसायकल, सगळं एकत्र.

मी या बार्जमधून बऱ्याचदा जाते. आमचं महिला मंडळ बचत गटांचं थोडंफार काम करतं, त्यासाठी. २०२४ च्या दिवाळीनंतर गेले होते. चांदसैलीचा घाट चढून धडगाव, तिथून भूषाकडे उतरायचं आणि पुढे पाणी. त्या दिवशी बार्जमध्ये आरोग्य खात्याच्या सिस्टर होत्या, लसींचा निळा डबा मांडीशी धरून बसलेल्या. आणि त्यांच्या समोर एक पावरा बाई, तिच्याकडे पांढरा थर्माकोलचा डबा, वरून ओलं गोणपाट. मला वाटलं मासे असतील. सरोवरात आता मासेमारी चालते, आणि मासळी न्यायला येणारे व्यापारी धक्क्यावर बर्फ आणतात. तसेच डबे असतात ते.

पण त्यात कुल्फी होती. सीताफळाची.

स्टीलच्या छोट्या पेल्यांना वरून प्लॅस्टिक लावून रबर घातलेलं. दहा रुपये. मी घेतली. घट्ट नव्हती फार, कडेला थोडी पाणीदार झालेली, पण सीताफळाचा तो रवाळ गर दातांखाली येत होता आणि साखर बेताची होती. आपण शहरात "सीताफळ फ्लेवर" खातो त्यात निम्मं काम अत्तरासारख्या वासाचं असतं. हिच्यात वास कमी आणि फळ जास्त. तिला विचारलं, वीज कुठली, फ्रीज कुठला? ती हसली. फ्रीज नाहीच. घरच्या शेळीचं दूध आटवायचं, गर मिसळायचा, पेले भरून डब्यात ठेवायचे, भोवती व्यापाऱ्याकडून घेतलेला बर्फाचा चुरा आणि खडेमीठ. आपल्या लहानपणी हँडल फिरवून पॉट आईस्क्रीम करायचे ना अंगणात, तेच तंत्र. मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो, आणि वितळताना आजूबाजूची उष्णता खेचून घेतो. शून्याच्याही बरंच खाली जातं तापमान. कुणा नातेवाइकाकडे शहाद्याला राहिली होती, तिथे लग्नात पाहिलं म्हणाली.

सिस्टरांनी बरोबर प्रश्न केला, की मासळीचा बर्फ तो, पोटात कसा चालेल? त्यांचं चूक नाही. खायचा बर्फ वेगळा आणि माल थंड ठेवायचा वेगळा. म्हणूनच २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम केला. गोळेवाल्याकडे मुलं हट्ट करतात तेव्हा बर्फाच्या लादीचा रंग बघत जा, हे जाता जाता सांगते. या बाईने मात्र सांगितलं की बर्फ बाहेरच राहतो, आत थेंब जात नाही, पेला पुसूनच देते. आणि खरंच तिने पदराने नाही, वेगळ्या फडक्याने पुसून दिला होता.

गंमत पुढे झाली. ऊन चढलं तशी तिच्या डब्यातून पाण्याची धार लागली. शेजारच्या म्हातारबाबांनी सिस्टरांना सुचवलं, "तुमच्या डब्यात ठेवा ना चार पेले, तिथे बर्फ आहे." सिस्टर ठामपणे नाही म्हणाल्या. त्या डब्यात चार आइसपॅक असतात आणि लस दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. उन्हाने बिघडते ती आपल्याला कळते, पण काही लसी गोठल्या तरी वाया जातात, म्हणून आइसपॅकसुद्धा थोडे वितळू देऊन, हलवून आत पाण्याचा आवाज आला की मगच ठेवतात. त्या डब्यात दुसरं काही ठेवायचंच नाही, आणि झाकण उगाच उघडायचं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र ते दोन डबे राहिले. एका गारव्यामागे सगळं सरकार उभं आहे. लस कारखान्यातून निघते ती पाड्यावरच्या बाळाच्या दंडापर्यंत थंडच पोचावी म्हणून शीतगृहं, गाड्या, खास फ्रीज, तरंगता दवाखाना, माणसं. ते हवंच. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे मासेमारीची होडी मागून घेऊन अठरा किलोमीटर वल्हवत जात होत्या, बाळांची वजनं घ्यायला आणि गरोदर बायकांना बघायला. देशभर वर्तमानपत्रांत त्यांचं नाव आलं. पण दुसऱ्या डब्यातल्या गारव्यामागे कुणीच नाही. पाड्यावर माल पोचवायचा असला की सगळ्यांना वाटा सापडतात. पाड्यावरून माल बाहेर आणायचा म्हटलं की घाट आडवा येतो.

सातपुड्यातल्या बायका काय काय विकतात ते पाहा. उन्हाळ्यात कैरी सोलून, चिरून, वाळवून आमचूर. मोहाची फुलं वाळवून. मोलगीकडची भगर. चारोळी. हे सगळं वाळतं, म्हणून टिकतं, म्हणून भाव पटेपर्यंत निदान चार दिवस घरात ठेवता येतं. सीताफळाचं तसं नाही. झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत पिकतं आणि पिकलं की लगेच काळं पडतं. त्याचा जॅमही करता येत नाही, कारण गर तापवला की कडवटपणा येतो. (मी घरी बर्फी करायच्या नादात हे अनुभवलंय, ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकून पाण्याचा तांब्या मागितला होता.) सीताफळ टिकवायचं तर एकच उपाय, बिया काढून गर गोठवायचा. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात धडगावच्या रस्त्यावर पाट्या घेऊन बसलेल्या बायका संध्याकाळी पाच वाजता मिळेल त्या भावाला पाटी ओततात. घेणाऱ्याला ठाऊक असतं की ही बाई पाटी परत नेणार नाही. सौदा बाई करत नाही, सौदा सीताफळ करतं.

तेच फळ पुढे गर होऊन कुठे पोचतं? रघुनंदन कामत यांनी १९८४ मध्ये जुहूला छोटं दुकान काढलं, तिथून 'नॅचरल्स'चं सीताफळ आईस्क्रीम मुंबईकरांच्या तोंडी बसलं. आता तर लग्नाच्या जेवणावळीत सीताफळ रबडी नसली तर वरमाय नाक मुरडते. म्हणजे मागणी आहे, फळ आहे, हात आहेत. मधला गारवा तेवढा नाही. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या बाली भागात आदिवासी बायकांनी 'घूमर' नावाची स्वतःची कंपनी काढली, पूर्वी टोपलीने विकायच्या तेच सीताफळ गर काढून गोठवून आईस्क्रीमवाल्यांना देऊ लागल्या. त्यांच्या जंगलातली झाडं काही आपल्या सातपुड्याहून गोड नाहीत.

आता माझं म्हणणं जरा स्पष्ट सांगते, कुणाला लागलं तर लागो. महिला सबलीकरण म्हटलं की आपल्याकडे शिलाई मशीन वाटतात. मीही अशा कार्यक्रमांत नारळ घेऊन स्टेजवर बसले आहे. जिथे माणसं दिवाळीला एकदा कपडे घेतात तिथे एका पाड्यावर सात शिलाई मशीनं कुणाचं शिवणार? त्यापेक्षा सात जणींत मिळून एक मोठा फ्रीझर, सौर पॅनेलसकट, हे औजार समजून द्या. पिठाची गिरणी देतो तसं. आपल्या मनात फ्रीज म्हणजे चैन, हुंड्यात मागायची वस्तू, हे इतकं घट्ट बसलंय की आदिवासी बाईने फ्रीझर मागितला तर तिला जास्त झालं असं वाटतं. मुंबई बेटावर १८३० च्या दशकात अमेरिकेतून शिडाच्या जहाजांनी बर्फ यायचा, भुशात गुंडाळून. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम ठेवलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, परकीय चोचले केल्याची ही शिक्षा, असा टोमणा 'मुंबई समाचार'ने मारल्याचं सांगतात. बर्फ कुणी खावा याबद्दलची नाराजी तेव्हापासूनची आहे म्हणायची.

भिशीत हे बोलले तर प्रश्न आलेच. पहिला, वीज. रास्त आहे. एका ठिकाणी मी असा बंद पडलेला फ्रीझर पाहिलाय ज्यात शाळेची भांडी ठेवली होती. दुरुस्तीला माणूस घाट उतरून यायला तयार नव्हता. म्हणून नुसती वस्तू देऊन फोटो काढायचे असतील तर शिलाई मशीनच बरी, ती गंजली तरी टेबल म्हणून वापरता येते. सोबत दुरुस्तीचा करार हवा, आणि गटातल्या दोन मुलींना त्याचं शिक्षण. दुसरा प्रश्न एका मैत्रिणीचा, आणि तो मला जास्त टोचला. ती म्हणाली, सगळं सीताफळ गोठून मुंबईला गेलं तर पाड्यावरची पोरं काय खाणार? ज्या भागात बाळांची वजनं मोजत सेविका होडीने फिरतात तिथे हंगामात पोरांना फुकट मिळणारं हे फळ. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आज ते पाटीने जातंच आहे, आणि बदल्यात येणारा पैसा इतका कमी की त्यात डाळही धड येत नाही, एवढं दिसतं. भाव बरा मिळाला तर चार फळं घरी ठेवायची हिंमत होईल असं मला वाटतं. वाटतं म्हणाले, खात्री नाही.

प्लॅस्टिकचंही आहेच. रबर आणि पिशवीचे तुकडे नर्मदेत जातात. त्या बाईचे पेले स्टीलचे होते आणि ती ते परत गोळा करत होती, पण ते पेले महाग म्हणून, पर्यावरणासाठी नव्हे.

उतरायच्या आधी मी तिला विचारलं, तुझ्या घरी फ्रीझर मिळाला तर? मला वाटलं खूश होईल. ती म्हणाली, घरी नको बाई. घरी आला की घरचे म्हणतील आमचा, आणि पाणी चढलं की तो खांद्यावर घेऊन कोण वर चढणार? धक्क्यावर द्या. तिथे रस्ता आहे, तिथे विजेचा खांब आहे, तिथे मासेवाले रोज बर्फ विकत आणतात, त्यांनाही आमच्याकडचा बर्फ विकू. आणि किल्ली आम्हा बायकांकडे.

तिच्या सांगण्याप्रमाणेच आमच्या मंडळाने अर्ज लिहिलाय. जागा धक्क्याजवळची, नावं सात बायकांची, किल्लीचा मुद्दा वेगळ्या ओळीत. सीताफळ ऑक्टोबरात उतरायला लागतं. त्याआधी उत्तर आलं तर यंदाच्या पाट्या वाचतील.